आधी जोड जमवा, मग गिअर टाका

दारात उभ्या असलेल्या साध्या हॅचबॅक गाडीचं इंजिन साधारण ८० अश्वशक्तीचं असतं. शेजारच्या ट्रॅक्टरचं ४५ नाहीतर ५०. तरी उसाची भरलेली ट्रॉली ओढायला कुणी हॅचबॅक मागायला येत नाही!

कारण ताकद ही एकटी कामाला येत नाही. ट्रॅक्टरकडे दोन टनांचं वजन आहे, छातीला लागतील अशी मागची चाकं आहेत आणि वेग मोडून जोर करणारी गिअरपेटी आहे. इंजिन हजार-दोन हजार फेरे मारतं तेव्हा मागचं चाक सावकाश मोजकेच फेरे घेतं. पहिल्या गिअरला ट्रॅक्टर इतका हळू चालतो की शाळेतलं पोर त्याला चालत मागं टाकतं. पण त्या वेळी तो मागून जे ओढत असतो ते हॅचबॅकला जागचं हलवता येणार नाही.

अमेरिकेत लोक पिकअप गाडी घेतात, मागं राहायची सोय असलेली ट्रॉली जोडतात आणि सहकुटुंब महिनाभर फिरायला निघतात. कोणत्या पिकअपला कोणती ट्रॉली जमेल, हा तिथं घराघरात चर्चेचा विषय असतो. आमच्या रेणापुरात हाच प्रश्न दर दिवाळीनंतर नव्यानं उभा राहतो. निवाड्याच्या रेणा कारखान्याचं गाळप सुरू होतं, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागतात आणि चहाच्या टपरीवर विषय निघतो : अमक्यानं घेतलेल्या ट्रॅक्टरला ती ट्रॉली झेपंल का? हा प्रश्न मला फार आवडतो. त्यात भौतिकशास्त्र आहे, बैलांचा बाजार आहे, लातूरची जुनी रेल्वे आहे आणि एका जनावरांच्या डॉक्टरची गोष्टही आहे.

पन्नास जोड्यांची रांग

अठराव्या शतकात जेम्स वॉट वाफेची इंजिनं विकत होता. त्याची गिऱ्हाइकं घोडे राबवणारी. त्यांना कळेल अशा भाषेत इंजिनाची ताकद सांगायची म्हणून त्यानं घोड्याचं माप धरलं. तीच आजची अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट. आपल्याकडच्या शेतकी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत एका बैलजोडीची सलग कामाची ताकद ढोबळमानानं १ अश्वशक्ती धरतात. म्हणजे ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे पन्नास बैलजोड्या. एका जोडीला दहा फूट जागा धरली तर रांग पाचशे फुटांची होईल, आणि त्यांचा रोजचा कडबा कुणी घालायचा ते वेगळंच.

बैल दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा जोर लावू शकतो. चारशे किलोचा बैल चाळीस किलो, जोडी ऐंशी किलो. मग हीच जोडी टनभर माल भरलेली गाडी कशी ओढते? चाकावर ठेवलेलं ओझं ओढायला त्याच्या वजनाचा थोडासाच हिस्सा जोर लागतो म्हणून. कठीण सडकेवर रबरी टायरच्या गाडीला शेकडा दोन-तीन, म्हणजे टनामागं वीस-तीस किलो. तीच गाडी पावसानंतरच्या काळ्या रानात घाला. शेकडा दहाच्याही वर जोर लागतो. टनाला शंभर किलो झाले, आणि जोडी तर ऐंशीची. म्हणून पांदीतून सडकेला लागेपर्यंत पुढं दुसरी जोडी जुंपायची. हे गणित आमच्या आजोबांनी कागदावर कधी मांडलं नाही, पण पुढची जोडी कुठं सोडायची ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आणि जोड जमवण्याची कला बघायची असेल तर हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात जावं. उदगीर तालुक्यातला हा बाजार. लातूरचा देवणी आणि नांदेडचा लाल कंधारी, दोन्ही इथल्या मातीतले. देवणी गोऱ्यात तीन रंगछटा मानतात : अंगानं पांढरा आणि तोंडावर काळं असेल तो वानेरा, नखशिखांत पांढरा तो बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे असतील तो शेवेरा. कंधारी मात्र गडद तांबडा, अंगानं आटोपशीर, कमी चाऱ्यावर निभावणारा.

जाणता गिऱ्हाईक एकटा बैल कितीही देखणा असला तरी भुलत नाही. आधी दात बघतो : दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग घरच्या बैलाची उंची मनात धरून वशिंडाशी हात लावून बघतो. मग मालकाला म्हणतो, "मामा, जरा चालवून दावा की." ती चाल बघणं हाच खरा सौदा. एक लांब टाकणारा आणि एक आखूड टाकणारा असे दोघं एका जुवाला लागले तर जू तिरकं होतं, पुढच्याला थांबावं लागतं, मागच्याला ओढलं जावं लागतं आणि आठ दिवसांत एकाला खांदा येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण करतात, त्या हळद-लोण्याच्या हाताला जोड जमली होती की नाही ते लगेच कळतं.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचंही असंच असतं. फक्त तिथं खांदा येत नाही; पिन झिजते, क्लच जळतो, नाहीतर उतारावर माणूस जातो.

उलार

मराठी शेतकऱ्याकडं एक शब्द आहे. त्याची बरोबरी करायला इंग्रजी पुस्तकांना आख्खं प्रकरण लिहावं लागतं. तो शब्द आहे उलार.

बैलगाडीत माल मागं जास्त पडला की जू वर उचललं जातं, बैलांचे गळे आवळतात, गाडी उलार झाली म्हणतात. माल पुढं जास्त पडला तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो, गाडी धुरजड झाली. या दोहोंच्या मधे एक जागा असते. ती शोधायची रीत साधी होती. गाडी भरली की गाडीवान जू हातानं उचलून बघायचा. सहज वर आलं तर मागची दोन पोती पुढं ओढ. उचलताना कंबर लागली तर पुढचं एक पोतं मागं सार. हाताला बेताचा भार जाणवला की बैल जुंपा.

पिकअपमागं ट्रॉली जोडणारे अमेरिकी लोक हेच करतात. तिकडचा सर्वमान्य ठोकताळा असा : भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाच्या शेकडा १० ते १५ एवढा भार जोडावर, म्हणजे गाडीच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी झाला की भरधाव वेगात ट्रॉली मागं शेपटी हलवायला लागते. डावीकडं, उजवीकडं, प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा, आणि शेवटी गाडीसकट रस्त्याबाहेर. भार जास्त झाला तर पिकअपचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकेनासं होतं. उलार आणि धुरजड! भाषा दुसरी, गाडी दुसरी, रोग तोच.

आता ट्रॅक्टरकडं या. इथं उलार होण्याचा धोका आणखी मोठा आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. दोनचाकी ट्रॉलीत ऊस किंवा वाळू मागं जास्त पडली की ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरचं मागचं अंग वर उचलायला बघते. मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. चाकाची पकड भारावर असते. म्हणजे उलार ट्रॉली नुसती ओढायला त्रास देत नाही, ती तुमचे ब्रेकच काढून घेते. चढावर चाकं जागीच फिरतात तेव्हा ड्रायव्हरला वाटतं ट्रॅक्टर कमी पडला. ट्रॅक्टर पुरेसा असतो, माल चुकीच्या जागी असतो. दहा मोळ्या पुढं सरकवल्या असत्या तर काम झालं असतं.

चारचाकी ट्रॉलीची गोष्ट निराळी. तिच्या पुढच्या दोन चाकांचा आस फिरता असतो आणि सगळं वजन तिच्या स्वतःच्याच चार चाकांवर असतं. ट्रॅक्टरवर तिचा भार येत नाही, म्हणून ती उलार होऊन त्याला उचलत नाही. पण ती त्याला पकड मिळवायला मदतही करत नाही. जास्त माल नेता येतो हे खरं. मात्र तिला थोपवायची सगळी जबाबदारी दोन टनांच्या ट्रॅक्टरवर. चारचाकी ट्रॉली घ्यायची तर ट्रॅक्टरही अंगानं भारी पाहिजे.

वीस इंचांचा ब्रास

ट्रॉली भरली, या वाक्याला काही अर्थ नाही. कशानं भरली?

गावातली नेहमीची ट्रॉली घ्या : दहा फूट लांब, सहा फूट रुंद. तिच्यात माल वीस इंच उंचीपर्यंत भरला की बरोबर शंभर घनफूट होतो, म्हणजे १ ब्रास. मुरूम, वाळू, खडी, सगळी याच मापानं विकतात. आता त्या वीस इंचांत सोयाबीन भरा : दोन टनांच्या थोडं वर. पाणी भरा : २.८ टन. कोरडी वाळू भरा : साडेचार टन. नदीतून काढलेली ओली वाळू त्याहूनही जड. एकच ट्रॉली, एकच रेषा, आणि वजन दुप्पट! डोळ्याला ते दिसत नाही. उलट कडब्याच्या पेंढ्यांची ट्रॉली विजेच्या तारांना टेकेल इतकी उंच दिसते आणि वजनात वाळूच्या पासंगालाही पुरत नाही.

मला सगळ्यांत भीती वाटते ती अर्ध्या टँकरची. आमच्याकडं उन्हाळ्यात पाच हजार लिटरचा टँकर ट्रॅक्टरला जोडलेला कुठंही दिसतो. भरलेला असला तर पाणी पाच टन, पण ते जागेवर असतं. अर्धा रिकामा केला की वजन निम्मं होतं, पण उरलेलं पाणी आत धावायला लागतं. ब्रेक मारला की पुढं आदळतं, वळणावर बाहेरच्या बाजूला चढतं. म्हणून चांगल्या टँकरात आडव्या भिंती घातलेल्या असतात, त्या पाण्याचा धक्का मोडतात. टँकर घेताना झाकण उघडून आत डोकावून बघा. भिंती नसतील तर दुसरा बघा.

जनावरांच्या डॉक्टरचं टायर

रबरी टायरच्या बैलगाडीला आपल्याकडं डनलॉप गाडी म्हणतात. हा डनलॉप माणूस होता, आणि पेशानं जनावरांचा डॉक्टर. जॉन बॉईड डनलॉप. आयर्लंडातल्या बेलफास्टला त्यानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचं टायर बनवलं आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसानं मांडली होती, पण तेव्हा ती चालली नाही. पुढं तेच टायर आपल्या बैलगाड्यांना लागलं. लोखंडी धावेच्या लाकडी चाकावरून या चाकावर आल्यावर बैलाच्या खांद्यावरचं ओझं किती हलकं झालं, ते ज्यांनी दोन्ही गाड्या हाकल्या त्यांनाच विचारावं. जनावरांच्या डॉक्टरचं नाव बैलगाडीला लागावं, याचा मला मनापासून आनंद होतो.

ओढायला सायकलही पुरते

१९४७ मध्ये अमेरिकेत एअरस्ट्रीम नावाच्या कंपनीनं आपल्या फिरत्या घराची जाहिरात केली. चकचकीत ॲल्युमिनियमची ट्रॉली, आणि ती ओढायला आल्फ्रेड लतूर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू. सायकलीला जोडून त्यानं ती ओढून दाखवली. तो फोटो आजही कंपनीची ओळख आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याहून मोठा प्रकार झाला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून एन्डेव्हर हे अवकाशयान संग्रहालयाकडं निघालं होतं. वाटेतल्या एका पुलावरून ते एका टोयोटा टुंड्रा पिकअपनं ओढलं. खालच्या गाड्यासकट वजन सुमारे १३० टन. पिकअपची रोजच्या कामाची मर्यादा पाच टनांच्याही आत!

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच. सपाट, कठीण रस्त्यावर सावकाश ओढणं सोपं असतं. दोघांनीही चढ चढून दाखवला नाही आणि उतारावर थांबून दाखवलं नाही.

चढाचं गणित बघा. वीस फुटांना एक फूट असा चढ असला तर भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाच्या शेकडा पाच एवढा जास्तीचा जोर लागतो. दहा टनांच्या ट्रॉलीला पाचशे किलो. उतारावर हेच पाचशे किलो ट्रॅक्टरला मागून ढकलतात. आणि वेगाचं गणित तर त्याहून कठोर : वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट. २० च्या जागी ३० नं गेलात, तर दीडपट नाही, सव्वादोन पट.

इंग्लंडात नवख्यांना एक सल्ला देतात : फिरत्या घराची ट्रॉली तुमच्या मोटारीच्या वजनाच्या शेकडा ८५ पेक्षा जड घेऊ नका. आपल्याकडं दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरमागं दहा टनांची ट्रॉली असते, म्हणजे शेकडा पाचशे. त्यांची मोटार ताशी ८० नं जाते आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतात. आपला ट्रॅक्टर ताशी २० नं जातो आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. हे २० आहेत तोवरच आपला हिशेब जमतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर या हिशेबातला शेवटचा आधारही, म्हणजे इंजिनाची अडवणूक, आपल्या हातानं सोडून देतो. ज्या गिअरनं चढ चढला असता त्याच गिअरनं उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नेम आहे आणि तो लाखमोलाचा आहे.

आणखी एक बारीक वस्तू. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायटं असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात तासाच्या टोकाला एकच चाक धरून जागच्या जागी वळता यावं म्हणून. दोन्ही पायटं एकत्र बांधायला एक छोटी पट्टी असते, बोटाएवढी. सडकेला लागायच्या आधी ती लावायची असते. नाही लावली आणि घाईत एकाच पायटावर पाय पडला, तर एकच चाक थांबतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची दहा टनांची ट्रॉली त्याच्यावर येते. शेतातून थेट रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरची ती पट्टी सुटलेली मी कितीदा पाहिली आहे. दहा टनांचं ओझं आणि बोटाएवढी पट्टी.

पुढची चाकं हवेत

ट्रॉली चिखलात रुतली की ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उचलली जातात. पोरांना ते शौर्य वाटतं. मागचं चाक फिरू शकत नाही, तेव्हा इंजिन ट्रॅक्टरलाच त्या चाकाभोवती फिरवायला लागतं, एवढंच त्यात असतं. साखळी जितकी उंच बांधाल तितका उलटण्याचा धोका जास्त. म्हणून ओढायचं ते कायम मागच्या आसाच्या खालच्या ड्रॉबारला लावून. वरच्या लिंकला साखळी लावणं म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्या अंगावर घेणं.

या उलटण्यावर ज्यानं आयुष्य घालवलं तो आयर्लंडातला हॅरी फर्ग्युसन. त्यानं ट्रॅक्टर आणि अवजार तीन ठिकाणी जोडून दोघांचं एकच यंत्र केलं. अवजार अडलं की त्याचाच जोर ट्रॅक्टरला जमिनीशी दाबून धरतो. १९३९ मध्ये हेन्री फोर्डनं हीच जोडणी घेऊन ट्रॅक्टर काढले, आणि आज जगातला जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर मागून तसाच दिसतो. गावात ज्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात त्या मॅसी फर्ग्युसनच्या नावातलं दुसरं नाव याच माणसाचं.

लातूरच्या रुळावरची समान वाटणी

जोड जमवण्याचा सगळ्यांत देखणा नमुना आपल्या लातूरलाच येऊन गेला. बार्शी लाईट रेल्वे. रुळांमधलं अंतर अडीच फूट. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला.

ती बांधणाऱ्या इंग्रज इंजिनिअरचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याची कल्पना आजही थक्क करते. इंजिन असो की मालडबा, प्रत्येक आसावर सारखाच भार, ५ टन. एरवी इंजिन जड आणि डबे हलके, म्हणून सगळा रूळ त्या एका जड इंजिनासाठी भक्कम घालावा लागतो आणि खर्च वाढतो. कॅलथ्रॉपनं इंजिनाचं वजन जास्त आसांवर वाटून टाकलं आणि डबे त्याच भारापर्यंत भरायची सोय केली. हलका, स्वस्त रूळ, आणि त्यावर पुरेपूर माल. लातूरची पेठ वाढली ती या गणितावरही. हाच कॅलथ्रॉप अरबी घोड्यांचा शौकीन होता, त्यानं घोड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूटही काढलं.

एका शतकानंतर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली जलदूत आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढं एका फेरीत ५० वाघिणी आणि २५ लाख लिटर. पाच हजार लिटरच्या ट्रॅक्टर-टँकरनं तेवढं पाणी आणायचं तर पाचशे खेपा. लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला ओढायला रबरी टायरच्या जवळपास दहावा हिस्साच जोर लागतो, म्हणून एक इंजिन हे करू शकतं. त्या उन्हाळ्यात स्टेशनावर ती गाडी बघायला उभी राहिलेली माणसं असं काही मोजत नव्हती. ती नुसती बघत होती.

कायद्याची दोन वाक्यं

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रॅक्टर म्हणजे असं वाहन, जे स्वतः माल वाहायला बनवलेलंच नाही. माल वाहते ती ट्रॉली, आणि कायद्याच्या लेखी ती स्वतंत्र वाहन आहे. तिचं पासिंग वेगळं, तिचे कागद वेगळे. विम्याच्या वेळी लोक इथंच अडकतात. ट्रॅक्टरचे कागद चोख असतात आणि ट्रॉली मात्र गावच्या वर्कशॉपात बनवलेली, नंबरच नसलेली. दिलासा देणारी एक गोष्टही आहे : ट्रॅक्टरचं लायसन असलेल्या माणसानं मागं ट्रॉली जोडली म्हणून त्याचं लायसन बाद ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये एका कर्नाटकी खटल्यात सांगितलं.

आपलं फिरतं घर

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन डोंगर-समुद्र फिरायची ती कल्पना चांगलीच आहे. पण आमच्या भागात चाकांवरची घरं पिढ्यान् पिढ्या रस्त्यानं जातात, आणि ती पर्यटनाला निघालेली नसतात.

दसरा झाला की बीडकडून, आणि आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातूनही, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. एकेका ट्रॉलीत पाच-सहा घरांचा संसार. खाली ज्वारी-बाजरीची पोती, त्यावर भांड्यांची पाटी, कोपींसाठी बांबू आणि चटया, कडेला बांधलेली शेळी, खुराड्यात कोंबड्या, वर ताडपत्री आणि ताडपत्रीखाली झोपलेली लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्याच हिशेबानं मिळते. रात्रभर प्रवास करून ही घरं कृष्णाकाठाला, कर्नाटकात पोचतात. ट्रॉलीला स्प्रिंगा असतात त्या उसाच्या वजनासाठी. रिकाम्या वजनाला ती दगडासारखी आदळते. बसायला जागा नाही, धरायला दांडा नाही. ही लेकरं ट्रॉलीतून जाऊ नयेत, त्यांना बसमध्ये बसायला मिळावं, असं मला फार वाटतं. सामान ट्रॉलीत जाऊ दे.

पंढरीच्या दिंडीमागं निघणारी ट्रॉली त्यामानानं सुखी. पाण्याची टाकी, शिधा, तंबू, गॅसची शेगडी आणि मृदंगाची पेटी. वजन कमी, वेग पायी चालणाऱ्यांचा. ट्रॅक्टर-ट्रॉलीची एवढी आरामाची जोड वर्षात दुसरी नसते.

घेताना काय बघावं

मला विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. आधी ठरवा काय वाहायचं आणि कुठल्या रस्त्यानं. घरची सोयाबीन-तूर बाजार समितीत न्यायची असेल तर ३५-४० चा ट्रॅक्टर आणि दोनचाकी ट्रॉली भरपूर झाली. उसाचा धंदाच करायचा तर ५० च्या पुढचा, वजनानं भारी ट्रॅक्टर. मग मागच्या टायरवरचे आकडे वाचा : १३.६-२८ म्हणजे साडेतेरा इंचांच्या वर रुंद टायर आणि २८ इंचांची रिंग, १६.९-२८ म्हणजे त्याच रिंगवर आणखी रुंद टायर, जास्त पकड. ट्रॉलीचे टायर घासलेले घेऊ नका, "ट्रॉलीलाच तर लावायचेत" म्हणून तर मुळीच नाही. सगळा माल त्यांच्यावरच असतो. ड्रॉबारची उंची आणि ट्रॉलीच्या दांडीची उंची जुळते का ते सपाट जागेवर उभं करून बघा. दांडी वर किंवा खाली झुकलेली दिसली तर वर्कशॉपवाल्याकडून आधी ते दुरुस्त करून घ्या. आणि पिन. दुकानातून आणलेली, डोक्याची, खाली खिटी असलेली पिन. सळई कापून घातलेली पिन चालणार नाही.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या चालवल्या. परवा पहाटे साडेचारला त्यांना निघताना पाहिलं. रात्रीचं दव पडलेलं, उसाला गोड वास. मामांनी आधी ट्रॉलीच्या चारही टायरांना टॉमीनं एकेक ठोका दिला आणि कान देऊन आवाज ऐकला. मग वाकून पिनेची खिटी बोटानं चाचपली, जास्तीची साखळी अडकवली. मागं जाऊन फाळक्यावरची तांबडी चमकपट्टी ओल्या फडक्यानं पुसली. कारखान्यानं हंगामाच्या सुरुवातीला लावलेली, धुळीनं माखली होती. टॉर्च मारून ती चमकते का ते बघितलं. मग वर चढले, बुटाच्या टोकानं दोन्ही पायटांवरची पट्टी पलीकडं ढकलली. खट्ट आवाज आला.

"येतो रं," म्हणाले, आणि दुसऱ्या गिअरवर ट्रॉली हळूच जागची हलली.